रेसिंग बकेट सीट खाली बसवताना: पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

नवी बकेट सीट आणली, बाजारात मिळणारा ‘युनिव्हर्सल’ बेस घेतला, त्यावर स्लायडर (सीट पुढे-मागे सरकवणारे रूळ), त्यावर साइड ब्रॅकेट आणि वर सीट. बसून पाहिलं, तर डोकं आधीपेक्षा छताच्या जवळ. बकेट सीट बसवणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाची सुरुवात या हिरमोडाने होते. कारण सरळ आहे. बेस, स्लायडर, ब्रॅकेट हे सगळे थर मिळून सहज सात-आठ सेंटिमीटर खातात. शिवाय मूळ सीटचा फोम तुमच्या वजनाने दबतो, बकेटचा फारसा दबत नाही. वर हेल्मेट चढवलं की मान तिरकी करूनच गाडी चालवायची वेळ येते.

हा लेख स्विफ्ट, पोलो किंवा त्याच मापाची हॅचबॅक ऑटोक्रॉस (शंकूंमधून वेळेविरुद्ध शर्यत), ट्रॅक डे (रेस ट्रॅकवर आपली गाडी पळवण्याचा दिवस) किंवा रॅलीसाठी तयार करणाऱ्यांसाठी आहे. नुसती दिसायला भारी म्हणून सीट हवी असेल, तर मूळ सीटला चांगलं कव्हर शिवून घ्या. पैसे वाचतील आणि पाठही.

१. गाडी रस्त्यावर चालणार का, हे आधी ठरवा

हा प्रश्न टाळून पुढे गेलात तर नंतर सगळंच अडतं.

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीतल्या बदलांवर मर्यादा घालतं. परवानगी नसलेले बदल केले तर कलम १८२ए नुसार मालकाला दर बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. रोज कोणी अडवत नाही हे खरं, पण अपघात झाल्यावर विमा कंपनीचा सर्व्हेअर येतो तेव्हा तो पहिली नजर अशाच गोष्टींवर टाकतो.

दुसरा मुद्दा एअरबॅगचा. तुमच्या गाडीत साइड एअरबॅग असेल, तर ती बहुधा सीटच्या पाठीतच असते. सीट काढली की ती गेली. नुसती तेवढीच जात नाही. डॅशबोर्डवर एअरबॅगचा दिवा पेटून राहिला, तर बाकीच्या एअरबॅगही उघडतील याची खात्री उरत नाही. कनेक्टरमध्ये रेझिस्टर खोचून दिवा विझवून देणारे भरपूर भेटतील. दिवा विझतो, एअरबॅग परत येत नाही. घरच्यांना घेऊन फिरायच्या गाडीत हा उद्योग करू नका, असं माझं स्पष्ट मत आहे.

रस्त्यावरही चालवायची आणि स्पर्धेलाही न्यायची असेल, तर साइड एअरबॅग नसलेली जुनी गाडी निवडा, मूळचा तीन-बिंदू बेल्ट शाबूत ठेवा आणि मूळ सीट बोल्टांसकट जपून ठेवा.

२. सीट कोणती घ्यायची

खाली बसायचं असेल तर सीटला बाजूने बोल्ट लागायला हवेत, म्हणजे साइड माऊंट. यात सीटचं कवच दोन ब्रॅकेटच्या मधल्या जागेत खाली उतरतं. ज्या सीटला तळातून बोल्ट लागतात, तिच्याखाली आधार द्यावाच लागतो आणि ती उंची कमी करता येत नाही. पाठ मागे झुकवता येणाऱ्या ‘स्पोर्ट्स’ सीट बहुतेक याच दुसऱ्या प्रकारातल्या. त्या या कामाच्या नाहीत.

स्पर्धेसाठी एफआयएचं (जागतिक मोटरस्पोर्ट संघटनेचं) लेबल पाहा. ८८५५-१९९९ मानकाची सीट बनवल्यापासून ५ वर्षं चालते. उत्पादकाने पुन्हा तपासून दिली तर आणखी २ वर्षं. ८८६२-२००९ ची मुदत १० वर्षं, पण ती महागही तितकीच. जुनी सीट घेताना विकणारा ‘दोनच इव्हेंट वापरलीये’ म्हणेल. तुम्ही लेबलवरची तारीख वाचा. लेबल फाटलंय किंवा खरवडलंय, तर ती सीट सरावापुरती आहे असं धरूनच भाव करा. नावाजलेल्या कंपनीचं भरतकाम असलेल्या, पण लेबलच नसलेल्या सीटही बाजारात आहेत. स्क्रुटिनीच्या, म्हणजे स्पर्धेआधीच्या गाडी-तपासणीच्या, टेबलावर भरतकामाला कोणी विचारत नाही.

फायबरग्लासच्या जुन्या सीटचं कापड उचलून बोल्टच्या भोकांभोवती बघा. चांदणीच्या आकारात तडे गेलेले दिसले, किंवा अंगठ्याने दाबल्यावर तिथे बारीक कुरकुर ऐकू आली, तर सोडून द्या.

आणि बसून पाहिल्याशिवाय घेऊ नका. कंबर दोन्ही बाजूंनी घट्ट धरली गेली पाहिजे, पण मांडीखाली बधिर होईल इतकी नाही. जाड जीन्स घालून गेलात तर माप फसवं येईल.

३. सामान, हत्यारं आणि कागदपत्रं

सामान:
- साइड ब्रॅकेटची जोडी: पोलादी असेल तर किमान ३ मिमी जाड, हलक्या मिश्रधातूची असेल तर किमान ५ मिमी. एफआयएच्या नियमात हीच मापं आहेत.
- सीटला लावायचे एम८ (८ मिमी व्यासाचे) बोल्ट, ताकदीचा ग्रेड ८.८ किंवा त्याहून वरचा. गाडीच्या जमिनीला (तळाच्या पत्र्याला) लावायचे बोल्ट मूळ मापाचे.
- नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेले, सहज सैल न होणारे) आणि रुंद वॉशर. नायलॉक एकदा कसून काढला की पुन्हा वापरू नका.
- मागच्या बाजूने लावायच्या पट्ट्या, म्हणजे काउंटर प्लेट: ३ मिमी पोलाद.
- चौकोनी पाइप किंवा सी-चॅनेल, त्यातून बोल्ट जाणार असेल तर आत घालायला जाड नळीचे तुकडे.
- प्रायमर, सीम सीलर, रंग.

हत्यारं: सॉकेट सेट, टॉर्क्स बिट, टॉर्क रेंच (ठरलेला जोर आला की ‘टक’ म्हणणारा पान्हा), ड्रिल, ग्राइंडर, काटकोनी गुण्या, ओळंबा, मोजपट्टी आणि प्लायचे वेगवेगळ्या जाडीचे तुकडे. प्लाय कशाला ते पाचव्या पायरीत कळेल.

कागदपत्रं: आरसी, विमा, पीयूसी. इव्हेंटला जाणार असाल तर एफएमएससीआयचं (भारतातल्या मोटरस्पोर्ट संघटनेचं) स्पर्धा लायसन्स, त्या इव्हेंटची सप्लिमेंटरी रेग्युलेशन्स (त्या इव्हेंटची स्वतःची नियमावली), आणि सीट व बेल्ट दोन्हींच्या लेबलांचे स्वच्छ फोटो. हे फोटो सीट गाडीत बसण्याआधीच काढून ठेवा. नंतर लेबल ब्रॅकेटच्या मागे जातं आणि स्क्रुटिनीच्या सकाळी टॉर्च घेऊन मान वाकडी करत बसावं लागतं.

बोल्टबद्दल थोडं सविस्तर. हार्डवेअरच्या दुकानात ‘एचटी बोल्ट’ मागा आणि डोक्यावर ८.८ किंवा १०.९ कोरलेलं आहे ना ते बघूनच घ्या. चकचकीत स्टेनलेस घेण्याचा मोह टाळा. साधा स्टेनलेस या कामाला ८.८ इतका ताकदीचा नसतो. जपानी घराण्याच्या गाड्यांत एम१० बोल्टचा पिच (दोन आट्यांमधलं अंतर, मिमीत) बहुधा १.२५ असतो आणि दुकानात सहज मिळणारा एम१० हा १.५ पिचचा असतो. पहिले दोन आटे जातात, मग अडकतं, मग हेल्पर पान्ह्याला पाइप लावतो आणि जमिनीतला वेल्ड केलेला नट गेला समजा. मूळ बोल्ट खिशात घेऊनच दुकानात जा.

४. जुनी सीट काढणं

बॅटरीची निगेटिव्ह तार काढा आणि थांबा. किती वेळ ते गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असतं. काहीच हाताशी नसेल तर पंधरा मिनिटं चहा घ्या. सीटखालचे पिवळे कनेक्टर एअरबॅग किंवा बेल्ट टेन्शनरचे असतात. ते सुटलेले असताना इग्निशन ऑन करू नका. केलंत तर दोष नोंदला जातो आणि तो स्कॅनरशिवाय पुसला जात नाही.

गंजलेल्या बोल्टवर आदल्या रात्री पेनिट्रेटिंग ऑइल मारून ठेवा. सीट बाहेर काढल्यावर दाराच्या कडेचा रंग वाचवायला उंबऱ्यावर गोधडी टाका.

आता बेल्टचं बक्कल कुठे आहे ते पाहा. बहुतेक गाड्यांत ते सीटच्याच सांगाड्याला लावलेलं असतं. म्हणजे सीटबरोबर तेही बाहेर आलं. रस्त्यावर गाडी चालवायची असेल तर या बक्कलसाठी नव्या माऊंटवर जागा करावी लागेल, आणि ती जागा सीटच्या माऊंटइतकीच भक्कम हवी. हे सगळ्यात जास्त विसरलं जातं. सीट बसते, रंग होतो, आणि मग बक्कल हातात घेऊन माणूस उभा.

गालिचा उचला, गाडीखाली जा आणि वरून जिथे भोक पाडायचं मनात आहे, तिथे खालून काय आहे ते पाहा. ब्रेकच्या आणि पेट्रोलच्या नळ्या, हँडब्रेकची केबल, वायरिंग. होंडा जॅझवाल्यांसाठी खास सूचना: तुमच्या गाडीत पेट्रोलची टाकी पुढच्या सीटखाली आहे. तिथे ड्रिल लावायचंच नाही. मूळ बोल्टच्या जागांवरच काय ते भागवा.

५. ब्रॅकेट विकत घेण्याआधी प्लायवर बसा

खरं काम इथे आहे. इथे घालवलेला एक दिवस पुढचे चार वाचवतो.

जमिनीवर प्लायचे तुकडे रचून त्यावर नुसतं कवच ठेवा. हेल्मेट घाला. स्पर्धेत घालाल तेच बूट घाला. दार बंद करा आणि बसा. सोबत एक मित्र हवा, मोजपट्टी धरायला आणि तुम्ही बसल्या जागी उगाच ताठ होताय का ते सांगायला.

आधी आडवी जागा. स्टीअरिंगच्या मधोमध, हॉर्नच्या बरोबर मध्यातून ओळंबा सोडा आणि तो जिथे टेकेल तिथे जमिनीवर चिकटपट्टी लावा. तसाच दुसरा ओळंबा सीटच्या पाठीच्या मध्यातून. अनेक हॅचबॅकमध्ये सीट, स्टीअरिंग आणि पेडल यांचे मध्य एका रेषेत नसतात. मूळ सीटवर हे जाणवत नाही, कारण त्यात माणूस सैल बसलेला असतो. बकेट तुम्हाला धरून ठेवते, मग तासाभरात एका खांद्यात कळ येते. स्टीअरिंगच्या रेषेत सीट आणायची हीच एक संधी असते. पण बोगदा (गाडीच्या मधोमध पुढून मागे जाणारा जमिनीचा उंचवटा) आणि उंबरा (दाराखालची कड) यांच्यामधली जागा मर्यादित आहे. सीट जितकी खाली जाते तितकी ती जागा अरुंद होत जाते, कारण बोगदा खालच्या अंगाला रुंद असतो. ब्रॅकेटची जाडी, बोल्टचं डोकं आणि त्यावर पान्हा फिरायला जागा, हे सगळं धरून मोजा. हँडब्रेक ओढून पाहा. सीटचा कान (बाजूचा वर आलेला भाग) त्याला अडत असेल तर आत्ताच कळलेलं बरं.

मग उंची. तीन गोष्टी एकाच वेळी जुळवायच्या आहेत.

डोकं: हेल्मेट आणि छत यांच्यात, रोल केज (आतला संरक्षक पाइपांचा पिंजरा) असेल तर हेल्मेट आणि पाइप यांच्यात, किमान ५ सेंमी मोकळे हवेत. मी मूठ घालून पाहतो, मूठ सहज गेली पाहिजे. धक्क्यात बेल्ट ताणतो, फोम दबतो आणि माणूस वर-बाजूला हलतो, त्यासाठी ही जागा.

डोळे: बॉनेटच्या पलीकडे जमीन किती लांबून दिसायला लागते ते मित्राला कोन (रस्त्यावर ठेवतात तो शंकू) ठेवायला लावून तपासा. ट्रॅकवर लांब पाहायचं असतं, तिथे थोडं खाली बसलं तर चालतं. ऑटोक्रॉसला कोन आणि टायर गाडीच्या नाकाशी असतात, वर धूळ. तिथे अती खाली बसलेला माणूस आतला कोन अंदाजानेच घेतो. नाशिक-पुण्याकडच्या मातीतल्या ऑटोक्रॉससाठी मी शक्य असलेल्या सगळ्यात खालच्या जागेपेक्षा दोन-तीन सेंमी वरच राहीन.

हात-पाय: खांदे सीटला टेकलेले ठेवून हात सरळ पुढे करा. मनगट स्टीअरिंगच्या वरच्या कडेवर पडलं पाहिजे. क्लच पूर्ण दाबल्यावरही गुडघा किंचित वाकलेलाच हवा. सीट खाली गेली की पाय जास्त आडवे होतात आणि पेडल लांब गेल्यासारखी वाटतात, त्यामुळे सीट थोडी पुढे घ्यावी लागते. पुढे घेतली की गुडघे स्टीअरिंगला लागतात. हे चक्र सोडवायला सीटची पुढची कड मागच्यापेक्षा थोडी वर उचला. मांडीला आधार मिळतो आणि पाठीचा कोनही किंचित मागे जातो, त्याने डोकं आणखी थोडं खाली येतं. स्टीअरिंगला टिल्ट असेल तर तो खाली घ्या.

सगळं जुळलं की चारही कोपऱ्यांखालच्या प्लायची जाडी मोजून लिहा. हाच तुमचा नकाशा. गाडी दोघं चालवणार असतील तर उंच माणसाच्या डोक्याचं माप धरा आणि बुटक्यासाठी पाठीमागे फोम द्या.

६. किती खाली: चार वाटा

पहिली, स्लायडर ठेवून. उंची जाते, पण सीट पुढे-मागे सरकते. दोघं चालवत असतील आणि डोक्यावर जागा असेल तरच.

दुसरी, स्लायडर काढून मूळ चार बोल्टवर आडव्या पट्ट्या किंवा पाइप आणि त्यावर साइड ब्रॅकेट. बहुतेकांनी इथेच थांबावं. मूळ जागा वापरल्या जातात, जमिनीला भोकं पडत नाहीत आणि गाडी पूर्ववत करता येते.

तिसरी, उंबरा आणि बोगदा यांच्यामध्ये नवे आडवे पाइप वेल्ड करून. यात मूळ उंचवट्यांच्याही (कंपनीची सीट ज्यांवर बसते त्यांच्याही) खाली जाता येतं. केज असलेल्या, फक्त स्पर्धेच्या गाडीसाठी.

चौथी, मूळ उंचवटे ग्राइंडरने कापून काढणं. हे उंचवटे आणि त्यांच्याखालचं आडवं चॅनेल बाजूने धडक बसल्यावर गाडीचा सांगाडा धरून ठेवतात. कापणाऱ्याला ते फक्त सीटचे पाय वाटतात. केज बांधणाऱ्या जाणकाराने त्याची ताकद दुसरीकडून भरून देण्याची व्यवस्था केली नसेल, तर या वाटेला जाऊ नका.

स्लायडर आणि युनिव्हर्सल बेस काढण्यातच मोठा फरक पडतो. त्यापुढचा सगळा खटाटोप उरलेल्या तीन-चार सेंमीसाठी असतो. हे ध्यानात ठेवून खर्च ठरवा.

७. आडवे आधार आणि ब्रॅकेट

दुसरी वाट धरली आहे असं मानून पुढे जाऊ.

फॅब्रिकेशनवाला सवयीने ५० × ६ ची एमएस पट्टी काढेल. ‘सहा एमेम आहे साहेब, हत्ती बसला तरी काही होणार नाही.’ पट्टी चपटी टाकली की ती लवते. सीटचं ब्रॅकेट जर मूळ बोल्टपासून बरंच आत येत असेल, तर सगळा भार पट्टीच्या अधांतरी भागावर येतो. ब्रेक मारल्यावर सीट पुढे डोलते ती याच कारणाने. ब्रॅकेट बोल्टच्या जवळ, दोन-तीन सेंमीच्या आत येत असेल तर पट्टी चालेल. नाहीतर सी-चॅनेल किंवा चौकोनी पाइप घ्या.

पाइपमधून बोल्ट आरपार घालणार असाल, तर आत जाड नळीचा तुकडा घालून तो वेल्ड करून घ्या. तो नसेल तर बोल्ट कसताना पाइप चेपत जातो. टॉर्क रेंच ‘टक’ म्हणतच नाही, तुम्ही आवळत राहता, आणि पहिल्या इव्हेंटनंतर बोल्ट हाताने फिरतो.

मूळ चार जागा एका पातळीत नसतात हेही बघा. बोगद्याकडची बाजू अनेकदा वर असते, पुढची आणि मागची वेगळी. खाली वॉशरच्या चवडी रचून पातळी साधू नका. त्या मापाचा भरीव ठोकळा बनवून घ्या. पाचव्या पायरीतला प्लायचा हिशेब इथे कामी येतो.

वेल्डिंग गाडीबाहेर, टेबलावर करून घ्या. आधी चार टाके, मग गाडीत ठेवून सीट बसवून पाहा, मग पूर्ण वेल्ड. सरळ पूर्ण वेल्ड केलं तर उष्णतेने पाइप वाकतो आणि भोकं दोन मिलिमीटरनी चुकतात. मग कोणीतरी भोक फाइल करून लांबट करतो. लांबट भोकात बोल्ट सरकतो, आणि सरकणारी सीट सैल सीटइतकीच वाईट. बाजारातल्या ब्रॅकेटला उंचीसाठी भोकांच्या रांगा असतात. त्यातली गोल भोकं वापरा, लांब खाचेवर सगळा भार टाकू नका.

स्पार्को, ओएमपी अशा बहुतेक सीटच्या बाजूच्या भोकांत पुढे-मागे साधारण २९ सेंमी अंतर असतं. तरी ब्रॅकेट मागवण्याआधी आपल्या सीटचं मोजाच.

सीटमध्ये जाणाऱ्या एम८ बोल्टची लांबी नीट निवडा. कवचात बसवलेल्या इन्सर्टमध्ये (आटे असलेल्या धातूच्या तुकड्यात) बोल्टचे आटे पुरेसे गेले पाहिजेत, पण टोक आत फोमपर्यंत येता कामा नये. तीन मिलिमीटर जास्त लांब बोल्ट ट्रॅकच्या डावीकडच्या वळणांत तुमच्या खुब्यात टोचतो, आणि घरी आल्यावर निळा डाग बघून कारण कळतं. आवळताना उत्पादकाने दिलेला टॉर्क पाळा. एम८ ला ८.८ ग्रेडमध्ये साधारण २५ न्यूटन-मीटर हा आकडा पोलादाचा आहे. फायबरग्लासमधला इन्सर्ट त्याआधीच फिरू शकतो.

सीटचा तळ आणि जमीन यांच्यात एक-दीड सेंमी मोकळे ठेवा. कवच दबतं, जमिनीचा पत्राही थरथरतो. टेकलेली सीट पत्र्यावर घासून आवाज करते आणि रंग खरवडून गंज आणते.

८. जमिनीत भोक पाडावंच लागलं तर

जमिनीचा पत्रा साधारण एक मिलिमीटरच्याही आतला असतो. नुसत्या वॉशरवर लावलेला बोल्ट धडकेत कागदातून पिन निघावी तसा निघून येतो. म्हणून खालून काउंटर प्लेट हवीच. एफआयएच्या ८८५५ सीटसाठीच्या नियमात चार माऊंटिंग जागा, किमान ८ मिमीचे बोल्ट आणि प्रत्येक जागेला किमान ४० चौरस सेंमी पृष्ठभाग टेकलेला असावा असं आहे. म्हणजे साधारण ६.५ × ६.५ सेंमीची प्लेट. प्लेटचे कोपरे गोल करा, नाहीतर टोकदार कोपराच पत्रा कापतो. जमीन सपाट नसते, तिला आडवे वळसे असतात. प्लेट त्या वळशांवर अधांतरी राहत असेल तर तिला तसा आकार द्या.

भोकाच्या कडा मोकळ्या सोडू नका. प्रायमर, सीम सीलर, रंग, या क्रमाने. आपल्याकडच्या एका पावसाळ्यात उघडा पत्रा भाकरीसारखा सुटतो, हे कोकणातल्या गाडीवाल्यांना सांगायला नको.

गाडीतच वेल्ड करायचं असेल तर गालिचा आणि खालचं आवाज-रोधक डांबर खरवडून पूर्ण काढा, बॅटरी सोडा, वेल्डिंग मशीनची अर्थ तार वेल्डच्या अगदी जवळ लावा आणि अग्निशामक हाताशी ठेवून दुसऱ्या माणसाला गाडीखाली लक्ष ठेवायला बसवा. डांबर खालून पेट घेतं, वरून वेल्डरला पत्ताच लागत नाही.

९. सीट खाली गेली, बेल्टचं काय?

या भागाकडे फार जण दुर्लक्ष करतात. बेल्टच्या जागा तिथेच राहतात, तुम्ही मात्र खाली जाता. सगळे कोन बदलतात.

हार्नेसचा (स्पर्धेच्या अनेक पट्ट्यांच्या बेल्टचा) कमरेचा पट्टा आडव्या रेषेपासून ४५ ते ६५ अंशांच्या दरम्यान खाली-मागे जायला हवा, म्हणजे तो ओटीपोटाच्या हाडांवर बसतो. समजा आधी पट्ट्याची जागा तुमच्या कमरेपासून २० सेंमी खाली आणि १५ सेंमी मागे होती. कोन आला साधारण ५३ अंश. सीट ७ सेंमी खाली गेली की उरले १३ सेंमी, आणि कोन झाला ४१. पट्टा चपटा झाला. आता तो पोटावर चढू शकतो, आणि धडकेत हाडाऐवजी आतडी भार घेतात. उपाय म्हणजे कमरेच्या पट्ट्याच्या जागा पुढे आणणं किंवा सीटलाच योग्य प्रकारे जोडलेल्या जागा वापरणं. कोन मोबाइलमधल्या मापाने तपासा, डोळ्यांनी नाही.

पट्टा सीटच्या बाजूच्या भोकातून जायला हवा, सीटच्या कानावरून नाही. खाली गेलेल्या सीटचं भोक कधी ब्रॅकेटच्या कडेसमोर येतं आणि पट्टा त्या कडेवर घासतो. कड गोल करा किंवा ब्रॅकेट बदला. मूळचा तीन-बिंदू बेल्ट वापरतानाही हेच: कानावरून आलेला पट्टा कमरेपासून चार बोटं वर तरंगतो आणि त्याचा काही उपयोग राहत नाही.

खांद्याचे पट्टे सीटच्या पाठीवरून मागे आडव्या रेषेपासून ४५ अंशांपेक्षा जास्त खाली जाऊ नयेत. १० अंशांच्या आत राहिले तर उत्तम. सीट खाली गेल्याने हा कोन सुधारतो, ही चांगली बाजू. पण मागे हार्नेस बार (खांद्याचे पट्टे अडकवायचा आडवा पाइप) असेल तर उलटी अडचण येते. बार आता तुमच्या खांद्याच्या वर आला असेल, तर पट्टे खांद्यावरून वर जातात आणि धडकेत निसटतात. बार खाली घ्या किंवा सीट वर.

बेल्टच्या जागांतले आटे बहुतेक गाड्यांत ७/१६ इंच यूएनएफचे असतात. हा एम११ किंवा एम१२ सारखा दिसतो. दोन्ही घालू नका.

पाच किंवा सहा बिंदूंचाच हार्नेस घ्या. चार बिंदूंच्या साध्या हार्नेसमध्ये खांद्याचे पट्टे कमरेचा पट्टा वर ओढतात आणि माणूस खालून सरकतो. केज नसलेल्या गाडीत रस्त्यावर हार्नेस लावून फिरू नका. गाडी उलटली आणि छत चेपलं, तर हार्नेस तुम्हाला ताठ धरून ठेवतो.

१०. शेवटची तपासणी आणि स्क्रुटिनी

सगळे बोल्ट टॉर्क रेंचने आवळा आणि प्रत्येकाच्या डोक्यापासून ब्रॅकेटपर्यंत रंगाची एक रेघ ओढा. रेघ तुटलेली दिसली की बोल्ट फिरला, पान्हा न लावता कळतं. मग सीटच्या डोक्याकडचा भाग दोन्ही हातांनी धरून जोरात हलवा. सीटबरोबर गाडी हलली पाहिजे. सीट एकटी हलत असेल तर परत सातव्या पायरीवर.

हेल्मेट, बूट, बेल्ट सगळं चढवून एकदा कोणाच्या मदतीशिवाय बाहेर पडून बघा. खाली बसलेल्या सीटचे उंच कान आणि केजचा दाराकडचा पाइप यांतून निघणं वाटतं तितकं सोपं नसतं. पायाखाली टेकू कुठे घ्यायचा, हात कुठे धरायचा, हे घरीच ठरवा.

स्क्रुटिनीला सीटची आणि बेल्टची लेबलं, माऊंटचे बोल्ट, काउंटर प्लेट आणि पट्ट्यांचा मार्ग पाहतात. नियम इव्हेंटच्या प्रकाराप्रमाणे बदलतात. हौशी ऑटोक्रॉसला जे चालतं ते राष्ट्रीय रॅलीला चालेलच असं नाही, म्हणून सप्लिमेंटरी रेग्युलेशन्स आधी वाचा आणि शंका असेल तर आयोजकांच्या स्क्रुटिनिअरला माऊंटचे फोटो पाठवून विचारा. बहुतेक जण आनंदाने सांगतात. इव्हेंटच्या सकाळी रांगेत वाद घालण्यापेक्षा त्यांनाही ते सोयीचं पडतं.

पहिल्या सरावानंतर, गाडी थंड झाल्यावर, बोल्ट पुन्हा एकदा टॉर्कवर तपासा. नवे रंगवलेले पृष्ठभाग दबतात आणि बोल्ट थोडे सैल होतात. त्यानंतर प्रत्येक इव्हेंटच्या आदल्या रात्री रंगाच्या रेघा बघायच्या. मोठी धडक झाली असेल तर सीट वरून कितीही धडधाकट दिसली तरी कापड काढून इन्सर्टभोवतीचे तडे पाहिल्याशिवाय ती पुन्हा वापरू नका.

मूळ सीट साठवताना उभी ठेवा. त्यात एअरबॅग असेल तर उन्हापासून आणि वेल्डिंगच्या ठिणग्यांपासून दूर ठेवा, आणि बोल्टांची पिशवी तिच्याच रेलला बांधून टाका.